परदेशातला फोन, कोल्हापुरातलं घर: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत बसून आज यादी पक्की केली. सानेगुरुजी वसाहत आणि आसपासच्या गल्ल्या मिळून चौदा घरं. प्रत्येक घरात एक-दोन म्हातारी माणसं, आणि मूल परदेशात. अमेरिकेत चार, जर्मनीत तीन, आयर्लंड-इंग्लंडकडे तीन, आखातात चार.

प्रकल्प सुरू करायचं कारण असं. ५ मे २०२५ला स्काइप बंद झालं. यातल्या सहा घरांत फक्त लँडलाइन आहे, आणि पोरं तिकडून स्काइपमध्ये पैसे भरून थेट लँडलाइनवर फोन लावायची. आईला काही शिकावं लागत नव्हतं. घंटा वाजली की उचलायचं आणि बोलायचं. ते बंद झाल्यावर पोरांनी आपापसांत विचारपूस करून एक नवी सेवा घेतली. नुकतीच सुरू झालेली, परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी म्हणून जाहिरात केलेली, दर स्वस्त. महिनाभरात चौदाही घरांतून तक्रारी यायला लागल्या. सेवेचं नाव या नोंदींत घेत नाही. ती नीट चालावी, एवढंच मला हवंय.

‘व्हॉट्सअ‍ॅप घेऊन द्या की त्यांना,’ असं पुष्कळ जण म्हणतात. मी सहा घरांत बसून बघितलंय. हात थरथरतो, हिरवं बटण दाबायचं की वर सरकवायचं ते कळत नाही, तोवर कॉल जातो. एका आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांना लँडलाइनची घंटा दुसऱ्या खोलीतून ऐकू येते आणि रिसीव्हर अंधारात हाताला सापडतो. जे चालतंय ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं.

माझ्याबद्दल एवढंच, की ३१ जानेवारी २०२०ला टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याआधीची सगळी वर्षं खांबावर, केबलच्या चेंबरमध्ये आणि लोकांच्या उंबऱ्यावर गेली. सोबतीला पलीकडच्या गल्लीतली मुलगी आहे, पॉलिटेक्निकला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला. ‘काका, लिहायचं सगळं मी बघतो की, तुम्ही नुसतं सांगा,’ म्हणाली.

पद्धत साधी ठेवलीय. प्रत्येक फोनजवळ एक वही, तिला दोरीनं बांधलेलं पेन. घंटा किती वाजता वाजली, नंबर काय दिसला, आवाज आला का, किती वेळ बोलणं झालं. तिकडून पोरांनी अ‍ॅपच्या कॉलयादीचा फोटो पाठवायचा. दर रविवारी दोन्ही बाजू ताडून बघायच्या.

११ जून, बुधवार

काल वटपौर्णिमा होती, बायकांची सकाळ वडाखाली गेली. त्यामुळे पहिली चाचणी आज.

पहिला अडथळा शून्याचा. आपली माणसं घरचा नंबर सांगताना ०२३१ लावूनच सांगतात आणि पोरांच्या फोनमध्येही तो तसाच साठवलेला असतो. परदेशातून लावताना +९१ नंतर ते शून्य येत नाही. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे व्हायला लागतात. कोड आखूड तिथं नंबर लांब, कोड लांब तिथं नंबर आखूड. कोल्हापूर २३१ आणि पुढे सात आकडे, गडहिंग्लज २३२७ आणि पुढे सहा. या अ‍ॅपमध्ये कोडाचा वेगळा रकाना आहे आणि त्यात तीनच आकडे मावतात. म्हणजे गडहिंग्लजचा नंबर लागायची सोयच नाही. घर ९मधल्या गुरुजींची बहीण गडहिंग्लजला असते, भाच्याचा फोन तिला महिनाभर लागला नाही तो यामुळे. अ‍ॅप फक्त ‘नंबर चुकीचा’ म्हणतं. काय चुकलंय ते सांगत नाही, त्यामुळे भाचा नंबर बदललाय की काय म्हणून गावभर विचारत बसला.

शून्य काढून टाकायचं सगळ्या पोरांना कळवलं. कोडाच्या रकान्याचं सेवेला लिहिलं.

१४ जून, शनिवार

घर ६. मुलगी डब्लिनला नर्स आहे. ती म्हणते रोज फोन लावते, इथे घंटाच वाजत नाही. वही कोरी. तिच्याकडच्या यादीत मात्र रोज दोन-दोन कॉल.

अ‍ॅपच्या जाहिरातीत एक गोष्ट ठळक आहे: आईच्या फोनवर तुमचा स्वतःचा भारतातला नंबर दिसेल. मुलीने हौसेनं ती सोय चालू केली होती. तिथंच गाडं अडलं. ऑक्टोबर २०२४मध्ये दूरसंचार विभागाने परदेशातून येणारे खोट्या भारतीय नंबरचे कॉल अडवायची यंत्रणा सुरू केली. कॉल परदेशातून आलाय आणि त्याच्यावर +९१चा मोबाइल नंबर आहे, तर तो नंबर खरंच रोमिंगवर बाहेरदेशी आहे का ते तपासलं जातं. नसेल तर कॉल देशाच्या वेशीवरच थांबतो. सुरू झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवल्याचं सरकारने सांगितलं होतं. या मुलीचं भारतातलं सिम कुठाय? आईच्या कपाटात, हळदी-कुंकवाच्या डब्याशेजारी. मग यंत्रणेनं कॉल अडवला तो बरोबरच अडवला.

आज तिला ती सोय बंद करायला सांगितली. पाच कॉल लावले, पाचही वेळा घंटा वाजली. सोय चालू केली, पुन्हा पाच लावले, एकही आला नाही. ज्या देशात कॉल पोचवायचा त्या देशाचा नियम आठ महिने जुना आहे आणि सेवेच्या जाहिरातीत अजून तीच सोय पहिल्या ओळीत आहे. याचा मला मनापासून राग आला. त्या आईने आठवडाभर ‘पोरगी विसरली’ असं समजून काढलाय.

१७ जून, मंगळवार

सोय बंद केली की कॉल येतो, पण दर वेळी वेगळ्या परदेशी नंबरवरून. सोमवारी +४४, मंगळवारी +४०. मोबाइलवर ‘इंटरनॅशनल कॉल’ अशी पाटीही दिसते. घर ११चे तात्या असला फोन उचलत नाहीत. मी समजवायला गेलो तर त्यांनी मलाच बसवून घेतलं.

‘डिजिटल अरेस्टचं ऐकलंयस न्हवं? पोलिस म्हणून फोन करून लुटतात ते? पंतप्रधानांनी रेडिओवर सांगितलं, थांबा, विचार करा, मग काय ते करा. बँकेत पाटी लावलीय. तुमच्याच संघानं व्याख्यान ठेवलं, तक्रारीचा १९३० नंबर लिहून दिला. आणि आता तूच म्हणतोस अनोळखी नंबर उचला?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तात्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. दीड वर्ष आपण सगळे ज्येष्ठांना सांगतोय की परदेशी नंबर दिसला की सावध व्हा. ते सावध झाले. आता मुलाचा फोन आणि चोराचा फोन त्यांना एकसारखाच दिसतो, आणि हे ओळखायचं ओझं पंच्याहत्तर वर्षांच्या माणसावर टाकलंय. प्रत्येक ग्राहकाला एकच ठरलेला परदेशी नंबर दिला तरी वहीत नावासमोर लिहून ठेवता येईल. ही मागणी आज पहिल्या क्रमांकावर लिहिली.

एक गोष्ट वेगळ्या शाईनं नोंदवतो. घर २ला जर्मनीचा कॉल एकदा भारतातल्याच अनोळखी मोबाइल नंबरवरून आला. बाहेरचा कॉल देशात आणून पोचवायचा तर इथल्या कंपनीला मिनिटाला ३५ ते ६५ पैसे द्यावे लागतात, हे २०२०पासून ठरलेलं आहे. ते चुकवायला काही मधले लोक कॉल इंटरनेटवरून आत आणतात आणि सिमकार्डांनी भरलेल्या पेटीतून लोकल म्हणून सोडतात. हे बेकायदा आहे. सेवेला याची माहिती आहे की त्यांच्या खालच्या ठेकेदाराचा उद्योग आहे, ते मी सांगू शकत नाही. वेळ आणि नंबर लिहून पाठवलाय.

२१ जून, शनिवार

लोक फोन उचलत नाहीत म्हणून सेवेनं या आठवड्यात नवीनच उपाय काढला. उचलल्यावर आधी इंग्रजीत रेकॉर्ड केलेला आवाज येतो: अमुकचा कॉल आहे, घ्यायचा असेल तर एक दाबा. दहा सेकंदांत दाबलं नाही तर कट.

इंग्रजीचं काय करायचं ते आम्ही घरोघरी जाऊन केलं. पॉलिटेक्निकच्या मुलीनं मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या: ‘बाई इंग्रजीत बोलली की १ दाबा.’ बहुतेक घरांत जमलं. घर ३ला जमेना.

घर ३च्या आक्का ८१ वर्षांच्या, एकट्या. मुलगा श्टुटगार्टला. फोन टीपॉयवर, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. वहीत चार दिवस एकच ओळ: बाई बोलली, एक दाबलं, कट. मुलाला वाटायचं आई दाबत नाही. मुलगी मला म्हणाली, ‘काका, आक्का घाबरत असतील.’ आक्का म्हणाल्या, ‘दाबतो की मी! बोटाचं टोक दुखाय लागलं दाबून दाबून.’

आज त्यांच्याजवळ बसून राहिलो. सात वाजून पाच मिनिटांनी घंटा वाजली, आक्कांनी रुमाल बाजूला केला, उचललं, मी कान लावला. बाई बोलली. आक्कांनी एक दाबलं. रिसीव्हरमध्ये ‘टुं’ असा सूर यायला हवा होता. आला ‘टक’.

तो ‘टक’ ऐकला आणि मी फोन उलटा केला. तळाला छोटी सरकती कळ असते, एका बाजूला पी, दुसऱ्या बाजूला टी. पी म्हणजे पल्स. जुन्या गोल डायलच्या जमान्यात एकाला एक झटका, दोनाला दोन, असे लाइनला झटके जायचे आणि एक्स्चेंज ते मोजायचं. टी म्हणजे टोन, प्रत्येक आकड्याला दोन सुरांची जोडी. रेकॉर्ड केलेल्या बाईला फक्त सूर कळतात. आक्कांच्या फोनची कळ पीवर होती, बसवला त्या दिवसापासून असेल. आक्का बाहेर कुणाला फोन लावत नाहीत, त्यामुळे कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. कळीत धूळ बसून ती घट्ट झाली होती. आक्कांनी केसातला आकडा काढून दिला, त्यानं ती सरकवली.

मुलाला पुन्हा लावायला सांगितलं. तिकडे दुपारचे पावणेचार, तो कामावरून बाहेर आला. बाई बोलली, आक्कांनी एक दाबलं, सूर आला, आणि पलीकडून ‘आई’. आक्का म्हणाल्या, ‘मागच्या खोलीत गळतंय, पण बादली लावलीय, तू पैसे पाठवू नको.’ बावीस मिनिटं बोलणं झालं. मी आणि मुलगी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो.

बाकीच्या पाच लँडलाइनच्या कळा तपासायच्या. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

२६ जून, गुरुवार

पाऊस. काल रात्री लाइट गेली ती सकाळी आली. घर ३, ७ आणि १२ला फोन बंद. तांब्याची जोडी होती तेव्हा एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन जिवंत. आता फायबर आलंय, भिंतीवरच्या डबीला घरची वीज लागते. घरात लाइट नाही म्हणजे फोन नाही. तिन्ही घरांना डबीसाठी छोटा १२ व्होल्टचा बॅकअप बसवायचा ठरलं. यात नव्या सेवेचा दोष नाही. पण त्यांच्या अ‍ॅपमध्ये अशा वेळी ‘ग्राहक व्यस्त’ दिसतं, ते खोटं आहे.

४ जुलै, शुक्रवार

आषाढातला शुक्रवार, टेकडीवरच्या त्र्यंबोली देवीला नवं पाणी घालायला मंडळं निघालेली. दिवसभर पी-ढबाक वाद्यांचा गजर. कुणाला फोन ऐकू येईना, चाचणी बंद ठेवली. मुलगीही पाणी घेऊन टेकडीवर गेली.

८ जुलै, मंगळवार

पैशांचं. रविवारी वह्या ताडताना मुलीच्या लक्षात आलं की वहीत ‘घंटा वाजली, उचलायला उशीर झाला, बंद पडली’ असं आहे, त्याच वेळेला अ‍ॅपच्या यादीत एक मिनिटाचे पैसे कापलेत. एक-दोनदा असतं तर सोडून दिलं असतं.

आज नीट परीक्षा घेतली. घर २चा मुलगा जर्मनीतून लावणार, आम्ही मुद्दाम उचलायचं नाही. इथे मोबाइलवर घड्याळ, तिकडे तो अ‍ॅपचा व्हिडिओ काढणार. दहा कॉल. सहा वेळा आमच्याकडे घंटा वाजत असताना तिकडे अ‍ॅपवर ‘जोडलं’ म्हणून सेकंद पळायला लागले. सातवा सेकंद, आठवा सेकंद, आणि इथे टेबलावर फोन थरथरतोय.

एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिली गोष्ट शिकवली जायची ती ही: उचलल्याशिवाय मीटर नाही. पलीकडच्यानं रिसीव्हर उचलला की लाइनवरची ध्रुवता उलटायची, प्लस-मायनसची अदलाबदल, आणि तिथून आकार सुरू. पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथमधलं लाल आकड्यांचं मीटर एक्स्चेंजच्या इशाऱ्यावरच पळायचं. लोक त्या आकड्यांकडे डोळे लावून बोलायचे, आणि त्या आकड्यांवर त्यांचा विश्वास असायचा. इंटरनेटच्या कॉलमध्येही हाच नियम वेगळ्या भाषेत आहे. घंटा वाजतेय तोवर ‘१८०’, उचललं की ‘२००’. पैसे २००पासून. मधला एखादा ठेकेदार उचलण्याआधीच खोटा २०० पाठवतो आणि मिनिटं विकतो. या धंद्यात हे जुनं दुखणं आहे, कॉल कुणामार्फत न्यायचा ते निवडताना सेवेनं ते तपासायला हवं.

रक्कम लहान आहे, एका मिनिटाचे काही सेंट. मला त्रास होतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ३० जूनला घर ८च्या मुलानं न्यू जर्सीहून फोन लावला. अ‍ॅपनं दाखवलं, जोडलं. पलीकडे शांतता. त्याला वाटलं आईनं उचललंय आणि बोलता येत नाहीये. त्यानं रात्री एक वाजता शेजाऱ्यांना उठवलं, शेजाऱ्यांनी दार ठोठावलं, म्हातारी झोपेतून उठून दारात आली ती भेदरूनच. तिला काही झालं नव्हतं. घंटा ऐकू आली नव्हती, एवढंच. तेव्हापासून ती रात्री फोन उशाशी घेऊन झोपते.

व्हिडिओ, घड्याळाचे फोटो, वहीची पानं असं सगळं एकत्र करून पाठवलं.

१२ जुलै, शनिवार

उत्तर आलं. तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. चौदा घरांच्या पत्राला एकच छापील ओळ. पुन्हा लिहिलं, या वेळी फक्त सहा कॉलचे तारीख, वेळ आणि सेकंद.

१९ जुलै, शनिवार

आज जे झालं ते जपून लिहायला हवं.

घर ५चा मुलगा शारजाला. इथे शिरोलीला फौंड्रीत पॅटर्नच्या कामावर होता, तीन वर्षांपूर्वी गेला. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज चालतात, आवाजाचे निरोप चालतात, पण कॉल चालत नाही. इंटरनेटवरून बोलायची परवानगी तिथल्या सरकारनं ठरवून दिलेल्या अ‍ॅपनाच आहे. नवी सेवा घेताना यादीत अमिरातीचं नाव होतं म्हणून त्यानं तीन महिन्यांचे पैसे भरले. अ‍ॅप तिथे चालूच होत नाही. त्यानं मदतीला लिहिलं. त्यांच्या माणसानं उत्तर दिलं: व्हीपीएन टाकून बघा. म्हणजे आपण कुठल्या देशातून इंटरनेट वापरतोय ते लपवणारं अ‍ॅप.

मुलानं मला तो संदेश पुढे पाठवला आणि विचारलं, ‘काका, टाकू का?’

मी लगेच फोन केला, साधा आय.एस.डी., माझ्या पैशानं. सांगितलं, टाकायचं नाही. तिथल्या सायबर कायद्यात व्हीपीएन आडून बंदी असलेली गोष्ट केली तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत आहे, शिवाय तुरुंगही होऊ शकतो. हा पोरगा खोलीत सहा जणांबरोबर राहतो, महिन्याला घरी पैसे पाठवतो, बहिणीचं लग्न ठरलंय. पाच लाख दिरहम म्हणजे किती हे त्याला रुपयांत सांगितलं तर तो गप्प झाला.

ज्या माणसानं ते उत्तर लिहिलं त्याला बहुधा तो कायदा ठाऊक नसेल. पण परदेशात राबणाऱ्यांसाठी सेवा काढायची, त्यांचेच पैसे घ्यायचे, आणि त्या देशात काय चालतं ते शिकायचं नाही, हे मला माफ करता येत नाही. अमेरिकेतल्या अभियंत्याचा कॉल लागला नाही तर तो दुसरं अ‍ॅप घेतो. शारजातल्या कामगाराच्या हातात असा सल्ला पडला तर त्याची नोकरी जाते, पासपोर्टवर शिक्का बसतो. आखातातल्या आमच्या चारही घरांना आजच्या आज कळवलं. सेवेला वेगळं पत्र, ठळक अक्षरात: अमिरातीचं नाव यादीतून काढा, पैसे परत करा, आणि तो सल्ला कुणालाही देऊ नका.

घर ५ची आई तोवर दारात उभी होती. ‘त्येला काय झालं नाही न्हवं?’ तिनं तीनदा विचारलं. काही झालं नाही. मुलानं रात्री आवाजाचा निरोप पाठवला, मुलीनं तिला तो मोबाइलवर चार वेळा ऐकवला.

२८ जुलै, सोमवार

घर ८. न्यू जर्सीच्या मुलाला आईचा आवाज येतो, आईला त्याचा येत नाही. इंटरनेटच्या फोनमधलं ठरलेलं दुखणं. कॉल जोडायचे निरोप एका वाटेनं जातात, आवाज दुसऱ्या वाटेनं. घरच्या राउटरमध्ये ‘सिप ए.एल.जी.’ नावाची एक सोय असते, ती मदत करायला म्हणून पत्त्यांत ढवळाढवळ करते आणि एका बाजूचा आवाज भलतीकडे जातो. मुलीनं व्हिडिओवर त्याला राउटरचं पान उघडायला लावलं, ती सोय बंद केली. दोन्हीकडून आवाज सुरू. वीस मिनिटांचं काम. सेवेच्या मदतीच्या पानावर याचा उल्लेख असता तर दोन महिने वाचले असते.

आवाज येतो, पण उशिरा. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी, की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. आमच्या खात्यातले जुने लोक पुणे जिल्ह्यातल्या आर्वीच्या उपग्रह केंद्राच्या गोष्टी सांगायचे. १९७१ साली ते सुरू झालं. आवाज ३६ हजार किलोमीटर वर जायचा आणि खाली यायचा, पाव सेकंद लागायचा, म्हणून लोक बोलून झालं की थांबायचे. आता समुद्राखालून केबल आहेत, वाट कितीतरी जवळची. तरी आम्ही मोजलेला उशीर उपग्रहापेक्षा जास्त भरला. कॉल कुठल्यातरी तिसऱ्या-चौथ्या देशातून वळसा घेऊन येतोय. स्वस्त वाटेची किंमत इथे दिसते.

६ ऑगस्ट, बुधवार

अखेर सेवेच्या तांत्रिक गटातल्या दोघांशी ऑनलाइन बोलणं झालं. तरुण पोरं, नीट ऐकून घेणारी. मुलीनं इंग्रजीत मांडलं, अडलं तिथं मी सांगितलं. मी त्यांना एकच विचारलं: तुमच्यापैकी कुणी लँडलाइनवर बसून हा कॉल घेऊन बघितलाय का? दोघांनीही मान हलवली, नाही. त्यांनी फोन लावणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून सगळं बांधलंय. पैसे तो भरतो, अ‍ॅप त्याच्या हातात असतं, तारे तोच देतो. उचलणाऱ्या आईसाठी त्यांच्या आराखड्यात एक चौकोनही नव्हता. पी-टीची कळ मी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली, त्यांनी असा फोन पहिल्यांदाच बघितला.

कबूल काय केलं: न उचललेल्या कॉलचे पैसे परत, खोटं ‘जोडलं’ देणारी वाट बंद, अमिराती यादीतून काढणार, कोडाचा रकाना चार आकडी. ठरलेला नंबर देण्याचं ‘विचाराधीन’. मराठी आवाज ‘पुढच्या टप्प्यात’. मी म्हटलं, मराठी वाक्य मी आत्ता म्हणून दाखवतो, रेकॉर्ड करून घ्या. ते हसले. मी गंभीरपणे म्हणत होतो. मुलीनं रात्री आपल्या आवाजात वाक्य रेकॉर्ड करून पाठवलंसुद्धा.

२१ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस पाऊस. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे परदेशातल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१चे महापूर त्यांनी लांबून बघितलेत. कॉल दुप्पट झाले. डबीचे बॅकअप तिन्ही घरांत चालले, लाइट गेली तरी घंटा वाजली. पैसे परत आल्याचं नऊ घरांनी कळवलं. आक्कांच्या मागच्या खोलीला ताडपत्री घातली.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. सकाळपासून घरोघरी कॉल, सगळ्या वह्या भरलेल्या. चौदापैकी दहा घरांत आता घंटा, नंबर, आवाज, पैसे हे चारही नीट. घर ५ला सेवा बंदच. मुलानं तिथली परवानगी असलेलं अ‍ॅप घेतलं आणि आईला कळीचा मोबाइल जाऊन साधा स्मार्टफोन आला, मुलगी रोज पंधरा मिनिटं शिकवते. शारजाचे तीन महिन्यांचे पैसे अजून परत आले नाहीत, आज चौथं पत्र.

तात्या अजून परदेशी नंबर उचलत नाहीत. त्यांच्या मुलाशी ठरवलंय: आधी साध्या फोनवरून एक मिस्ड कॉल, मग पाच मिनिटांनी सेवेचा कॉल. ठरलेला नंबर मिळेपर्यंत असंच.

दुपारी घर ३ला गेलो. इंग्रजी बाईच्या जागी आज पहिल्यांदा मराठी वाक्य आलं, आमच्याच मुलीच्या आवाजात: ‘तुमच्या घरच्या माणसाचा फोन आहे, एक दाबा.’ आक्कांनी रिसीव्हर कानापासून लांब धरून मुलीकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला. ‘अगं, तू हितं हाईस न्हवं? मग ही कोण?’ आणि एक दाबलं.

उद्या: घर ७ आणि १२च्या डबीची जोडणी तपासणे. घर १४च्या फोनची कळ पीवर आहे, रिसीव्हरची तारही बदलायची.